अठरा अंश

पहिली बॅच मोरीत ओतली तेव्हा
घरभर पिकल्या केळ्यांचा वास,
आणि त्याच्याखाली दबून बसलेला
नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा.
हेमांगी म्हणाली, "माझं दही कधी नापास झालंय?
त्याला कुठे लागतो कंट्रोलर?"

खरंच होतं. पण दह्याला मुंबई मानवते.
या यीस्टचं गाव थंड.
चौतीस अंशांत कामाला जुंपलं की ते घाई करतं,
घाईत नको ते बोलून जातं,
आणि बोललेलं सगळं बाटलीत राहतं.

कुर्ल्याला मुनव्वरच्या गाळ्यात
फ्रिज ओळीने उभे, काहींची दारं भिंतीला टेकलेली.
मी घेतला तो एका केमिस्टचा, एकशे पासष्ट लिटर,
दारावर अर्धवट सोललेली चिठ्ठी: लस. २ ते ८.
"थंड होतो ना?"
"साहेब, याला थांबायचंच कळत नाही."
बावीसशे. टेम्पोचे वेगळे.

दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढली.
वरच्या कोपऱ्यात ती अलगद सुटून हातात आली.
रबर शेकलं, ताणलं, रात्रभर दार दोरीने बांधून ठेवलं.
सकाळी नोट फाटली, पण सुटली नाही.

मग भोक.
कुशीत गॅसची नळी कुठून जाते ते बाहेरून दिसत नाही.
तांदळाची पिठी स्पिरिटात कालवून फासली,
फ्रिज चालू केला, समोर उकिडवा बसलो.
नळी गरम तिथे आधी वाळलं.
ओल्या राखाडीवर एक पांढरी नागमोडी रेघ
उमटत गेली, वर, वळून खाली,
कुणी आतून लिहीत असल्यासारखी.
तिला चुकवून ड्रिल घातलं,
आणि कान लावून ऐकत राहिलो: फुस्स नाही.

सेन्सर आधी हवेत टांगला. चूक.
हवा म्हणत होती अठरा, आणि पिंप हाताला कोमट.
यीस्ट जेवताना स्वतःच तापतं,
हवेला ते फार उशिरा कळतं.
आजारी माणसाचा ताप कुणी खोलीला विचारत नाही.
सेन्सर पिंपाच्या पोटाशी चिकटवला,
वरून हेमांगीच्या जुन्या योगा मॅटचा तुकडा.

आता लाल आकडे.
अर्धा अंश चढला की कॉम्प्रेसर उठतो,
उतरला की गप्प,
आणि पुन्हा उठण्याआधी तीन मिनिटं सक्तीची विश्रांती.
थांबायचं कळत नव्हतं त्याला
छत्तीस हजार रुपये पगार नसलेला मी शिकवतोय थांबायला,
जो स्वतः रात्री दोनला बाल्कनीत उभा.

सेक्रेटरी टिपणीस विचारून गेले, "आत काय?"
"आंबील."
"वास बरा येतोय," म्हणाले,
आणि जरुरीपेक्षा थोडे जास्त थांबले.

एक चाळीसचा बल्बही बसवला होता,
भोकं पाडलेल्या रंगाच्या डब्यात, उजेड बिअरला लागू नये म्हणून.
थंडी पडली तर उबेसाठी.
मुनव्वर फोनवर खोकला येईपर्यंत हसला: "मुंबईत हीटर?"
आकृतीत होता, म्हणून लावला.
देव्हाऱ्यात असतात ना एकदोन देव,
ज्यांचं नाव घरात कुणालाच माहीत नसतं.

जानेवारीत, पहाटे चार.
मुलुंडच्या आमच्या गल्लीत डोंगराकडून वारा सुटलेला,
यीस्ट जेवून निजलेलं, स्वतःची ऊब संपवून.
आकडा सतरा पूर्णांक चार.
आणि कंट्रोलरवरचा तो दुसरा ठिपका,
तीन महिन्यांत कधीच न पेटलेला, पेटलेला.

हेमांगीला उठवलं. शिव्या देत आली, शाल ओढत.
दार उघडलं तिने:
डब्याच्या भोकांतून पिवळे कवडसे
तिच्या गाऊनवर, हातावर, हनुवटीवर.
"दार लाव," मी म्हणालो, "गारठा आत जाईल."
"थांब," ती म्हणाली.